दोन मिनिटांचा हिरवा रंग

माझे मेहुणे हार्लन टोरव्हिक यांच्या मोठ्या आतड्यात गाठ आहे असे निष्पन्न झाले, तेव्हा आमच्या कुटुंबात जो शोक व्हावयास हवा होता तो यथास्थित झाला. परंतु खरा अनर्थ गाठीने ओढवला नाही, रंगाने ओढवला. ती हकीकत मी येथे क्रमवार मांडीत आहे. त्या सर्व प्रसंगी मी जातीने हजर होतो. सीडर बेंडच्या इस्पितळात रुग्णांच्या ट्रॉल्या ढकलणे, ऑपरेशन थिएटरची फरशी पुसणे आणि सर्जनने सांगताच दिवे मंद करणे, ही कामे गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहेत.

उत्तर मिनेसोटात मनुष्य कोणत्या गावचा, हे त्याच्या टोपीवरून ओळखावे. सीडर बेंडचा रंग हिरवा. तळ्याच्या पलीकडील काठावर वसलेल्या केटल फोर्कचा रंग नारिंगी. हिवाळ्यात तळे गोठले की दोन्ही गावांतील अंतर कमी होते आणि वैर वाढते, कारण तोच बर्फावरील हॉकीचा मोसम असतो. माझे मेहुणे केटल फोर्कच्या मुलींच्या संघाचे कोच होते. त्यांना सारे जग कोच म्हणे. माझी थोरली बहीण बर्निस, म्हणजे त्यांची धर्मपत्नी, हीदेखील त्यांना कोचच म्हणे. आणि लग्नात पाद्रीबुवांनीसुद्धा ‘कोच, ही वधू तुम्हांस मान्य आहे काय’ असेच विचारले होते, असे ती सांगते.

आता पाव शतकापूर्वीची एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. अंतिम सामना होता. शेवटच्या क्षणी केटल फोर्कच्या मुलीने रबरी चकती गोलच्या दिशेने फटकावली आणि सीडर बेंडच्या गोलरक्षक मुलीने रेषेवर लोळण घेऊन तिच्यावर आपला जाड ग्लोव्ह टाकला. ग्लोव्हच्या खाली चकती रेषेच्या पलीकडे गेली होती की अलीकडे होती, हे कोणासही दिसले नाही. रेफरी एव्हरेट क्विस्ट यांनी शिट्टी वाजवून गोल नाकारला. केटल फोर्क हरले. कोचनी त्याच बर्फावर उभे राहून, सर्व प्रेक्षकांसमक्ष प्रतिज्ञा केली, “आजपासून हिरवं माझ्या अंगावर नाही, आणि अंगातही नाही!”

माणसे रागाच्या भरात पुष्कळ काही बोलतात व पुढे विसरतात. कोच विसरले नाहीत. मटार, कोबी आणि काकडीचे लोणचे त्यांच्या ताटातून त्या रात्रीच हद्दपार झाले; ताई हॉटडिशमध्ये, म्हणजे आमच्याकडील भट्टीत भाजलेल्या मिश्र पदार्थात, घेवड्याच्या शेंगांऐवजी गाजरे घालू लागली. घरापुढील हिरवळ त्यांनी खणून काढली व तेथे नारिंगी खडी पसरली. रस्त्यावरील हिरवा दिवा लागला तरी ते गाडी हलवीत नसत, मागच्याने हॉर्न वाजवला की मग निघत आणि म्हणत, “हॉर्न वाजला म्हणून निघालो. दिव्यानं सांगितलं म्हणून नव्हे.” वसंतात झाडांना पालवी फुटे, त्यावर मात्र त्यांचा इलाज नव्हता. त्या दिवसांत ते पडदे ओढून घरी बसत.

अशा पुरुषाच्या आतड्यात गाठ झाली, आणि ती काढणारी सर्जन आसपासच्या साऱ्या मुलखात एकच होती: सीडर बेंडच्या डॉक्टर सिग्ने पेल्टोनेन. वाचकांनी ओळखलेच असेल. ती गोलरक्षक मुलगी हीच.

कोच आणि ताई तपासणीस आले त्या दिवशी मी मुद्दाम त्याच मजल्यावर फरशी पुसत होतो. ताईने मला हाताला धरून आत ओढले. कोच नारिंगी टोपी घालून खुर्चीत बसले होते. डॉक्टरबाई टेबलाशी उभ्या होत्या.

“बऱ्याच दिवसांनी भेटतोय, कोच,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“तुमचा ग्लोव्ह कुठाय?” कोच म्हणाले.

“रबराचे आहेत आता. बारीक.”

“त्याखाली काही लपत नसेल मग.”

“कोच!” ताईने त्यांच्या पायावर पाय दिला.

डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी सर्व काही समजावून सांगितले. पोट उघडायचे नाही. बारीक छिद्रे पाडून आत कॅमेरा सोडायचा. गाठीसकट आतड्याचा तुकडा कापून काढायचा आणि उरलेली दोन टोके एकमेकांस जोडायची. “पण जोडायच्या आधी एक बघावं लागतं. दोन्ही टोकांना रक्त पोचतंय ना? नुसत्या डोळ्यांना दोन्ही टोकं सारखीच गुलाबी दिसतात. रक्त पोचत नसलेलं टोक जोडलं तर चार दिवसांनी जोड सुटतो, पोटात घाण पसरते आणि माणूस हातचा जातो. म्हणून शिरेतून एक औषध सोडतात. कॅमेऱ्याचा एक खास प्रकाश त्याच्यावर पडला की जिथं जिथं रक्त वाहतंय, तिथं तिथं पडद्यावर चमकतं. बारीकातली बारीक रक्तवाहिनीसुद्धा.”

“वा!” ताई म्हणाली. “ख्रिसमसच्या झाडासारखं.”

“कुठल्या रंगाचं चमकतं?” कोचनी विचारले.

डॉक्टरबाईंनी कोचच्या नारिंगी टोपीकडे पाहिले. त्यांनाही ती प्रतिज्ञा ठाऊक होती. ती कोणास ठाऊक नव्हती? “हिरव्या,” त्या म्हणाल्या.

कोच उठले, त्यांनी टोपी नीट केली आणि ते चालू लागले.

त्यापुढील तीन आठवडे आमच्या घराण्यात जो वादविवाद झाला, त्याला तोड नाही. डॉक्टरबाईंचे म्हणणे स्पष्ट होते. रक्त न पाहता त्या टोके जोडणार नव्हत्या. मग वरचे टोक पोटाच्या कातडीतून बाहेर काढून त्याला पिशवी लावावी लागेल, आणि कोचच्या वयाला ती पिशवी बहुधा जन्माची. आणि काहीच केले नाही, तर गाठ आतडे बंद करील, त्यानंतर बोलण्यासारखे काही उरणार नाही. ताईने हे कोचना सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “पिशवी नारिंगी मिळते का?”

“कोच, पिशवी लावून तुम्ही बेंचमागं उभे राहून ओरडणार? एवढ्या जोरात?” ताई म्हणाली. “ती सुटेल!”

हा मुद्दा कोचना लागला. ते निवृत्त झाले असले तरी दर सामन्याला बेंचमागे उभे राहून नव्या कोचवर ओरडत असत. तेच त्यांचे जीवन होते.

तेव्हा त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला. मी शेजारी बसलो होतो आणि ताईने फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला होता.

“हे औषध हिरवं का चमकतं?” कोचनी विचारले.

“खरं सांगायचं तर ते हिरवं चमकतच नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तो प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. कॅमेऱ्याला दिसतो. मग मशीन त्याला एक रंग देतं, आपल्याला दिसावं म्हणून. हिरवा बनवणाऱ्यांनी निवडलाय.”

“म्हणजे मशीन तुमच्या गावचं आहे.”

“रंग बदलता येतो, कोच. जांभळा करू?”

“जांभळा? जांभळ्या गावची माणसं बास्केटबॉल खेळतात!”

“निळा?”

“निळा म्हणजे हिरव्याचा चुलतभाऊ. नारिंगी करा.”

“आतडं लाल, चरबी पिवळी, त्यावर नारिंगी. पानगळीत कोल्हा शोधायला सांगताय मला. तुमचाच जीव जाईल.” पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. “एक आहे. मशीनला काळं-पांढरंही चालतं. रक्त जिथं आहे तिथं पांढरं, बाकी सगळं काळं.”

कोचनी टोपी काढली व पुन्हा घातली. “पांढरा,” शेवटी ते म्हणाले, “बर्फाचा रंग आहे. बर्फ दोघांचाही असतो. चालेल.”

ताईने मला मिठी मारली. परंतु कोच पुढे म्हणाले, “पण मी झोपल्यावर तुम्ही हिरवं करणार नाही, कशावरून?”

“मी शब्द देते.”

“तुमच्या ग्लोव्हखाली काय होतं, हे मी आजवर ऐकलेलं नाही. शब्द कसा ऐकू?”

“मी असतो की तिथं,” मी म्हणालो.

“तू!” कोच माझ्याकडे वळले. “डेलमार, तू हिरव्या गावात घर घेतलंस. तुझ्या अंगणात गवत आहे. मी बघितलंय.”

त्या रात्री ताई माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. कॉफी निवून गेली. मी तिला काय सांगणार? या जगात दोन्ही गावांचा नसलेला व कोच ज्याचे ऐकतील असा मनुष्य आणावयाचा कोठून? आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आले की असा मनुष्य एक आहे. कोच आयुष्यभर त्याच्याशी भांडले होते, त्याला आंधळा, बहिरा व लाकडाचा ओंडका म्हणाले होते; परंतु त्याने दिलेला निकाल त्यांनी एकदाही मोडला नव्हता. रेफरीशी हुज्जत घालणे हा कोचचा हक्क असतो, त्याचा निकाल न पाळणे हा मात्र अधर्म.

रेफरी एव्हरेट क्विस्ट दोन्ही गावांच्या बरोबर मध्ये, चौरस्त्यावरील पेट्रोल पंपाच्या मागे राहत. त्यांची गाडी राखाडी, कोट राखाडी, कुत्रेही राखाडी. कोणत्याही गावात जेवल्यास पक्षपाताचा संशय येईल, म्हणून ते उभा जन्म पंपावरच नाश्ता करीत आले होते. मी आणि ताई त्यांच्याकडे गेलो; आमचे म्हणणे ऐकून त्यांना तिळमात्र आश्चर्य वाटले नाही.

“मी उभा कुठं राहायचं?” एवढेच त्यांनी विचारले.

“भिंतीशी,” मी म्हणालो. “आणखी एक सांगायला हवं. पडद्यावर पांढरं दिसेल, पण ते औषध बाटलीत असतं तेव्हा हिरवंगार असतं. मी बघितलंय.”

ताईने कपाळाला हात लावला. क्विस्ट यांनी मात्र पंपावरील डोनटचा तुकडा चावून खाल्ला. मग म्हणाले, “जर्सीच्या आत बनियन कुठल्या रंगाचं असावं, याचा नियम नाही. दिसतं त्याचाच नियम असतो. तरी सिरिंजला पांढरी पट्टी लावा.”

रेफरी पाहणार म्हणताच कोच तयार झाले, आणि इस्पितळाने परवानगी दिली. मुख्य परिचारिका लव्हॉन यांनी तेवढी एक अट घातली. “शिट्टी आणणार असतील तर ती वाफेत उकळून घेईन. माझ्या थिएटरात कुणाच्या तोंडातली शिट्टी चालणार नाही.” त्याप्रमाणे शिट्टी उकळली गेली. तिच्या पोटातील बुचाचा गोळा त्या वाफेत फुगला. तेव्हापासून तिचा आवाज सर्दी झालेल्या बदकासारखा येतो. परंतु ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या वेळेपर्यंत आम्हांपैकी कोणाच्याच लक्षात आली नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मीच कोचची ट्रॉली ढकलीत नेली. इस्पितळाची टोपी हिरवी असते, म्हणून त्यांनी ती घेतली नाही. ताईने नारिंगी रुमाल बांधून दिला. दाराशी ताईने त्यांचा हात धरला. “कोच, परत या बरं का,” ती म्हणाली. कोच म्हणाले, “गाजरं शिजवून ठेव.” मी मान वळवली, कारण ट्रॉली सरळ नेणे भाग होते आणि मला समोरचे दिसेनासे झाले होते.

थिएटरमध्ये क्विस्ट आधीच भिंतीशी उभे होते. त्यांच्या निळ्या गाऊनवर लव्हॉनबाईंनी रेफरीच्या जर्सीवर असतात तसे काळ्या चिकटपट्टीचे उभे पट्टे लावून दिले होते. मास्कच्या आत शिट्टी असल्याने त्यांचे तोंड फुगल्यासारखे दिसत होते.

“क्विस्ट,” कोच भूल चढता चढता म्हणाले, “डोळे उघडे ठेव. या खेपेला तरी.”

आमच्याकडे छेद घेण्यापूर्वी सर्वांनी आपापले नाव व काम मोठ्याने सांगावयाचे असते, आणि मगच चाकू हाती घ्यावयाचा. डॉक्टरबाईंनी सांगितले, लव्हॉनबाईंनी सांगितले, भूलतज्ज्ञांनी सांगितले. मग भिंतीकडून आवाज आला, “एव्हरेट क्विस्ट. रेफरी.”

“कुणाच्या बाजूचे?” लव्हॉनबाईंनी विचारले.

“कुणाच्याच नाही.”

“डेलमार बर्गस्ट्रॉम. दिवे,” मी म्हणालो.

सुरुवात उत्तम झाली. छिद्रे पडली, कॅमेरा आत गेला आणि पडद्यावर आमच्या कोचचे अंतरंग प्रकटले. मी कैक माणसांची आतडी त्या पडद्यावर पाहिली आहेत. परंतु आपल्या नात्यातील मनुष्याचे आतडे पाहणे निराळे. ज्या माणसाने मला बर्फावर उभे राहावयास शिकवले, तो आतून इतका मऊ असेल असे मला वाटले नव्हते. गाठीचा भाग मोकळा झाला. खालचे टोक तयार झाले. वरचे कोठे कापावे, हे पाहण्याची वेळ आली.

“दिवे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मी दिवे मंद केले. “औषध द्या. काळं-पांढरं लावा.”

पांढरी पट्टी लावलेली सिरिंज रिकामी झाली. पडदा काळा झाला. मग त्या काळोखात पांढऱ्या रेघा उमटू लागल्या, रेघांना फाटे फुटले, फाट्यांना बारीक फाटे फुटले. खिडकीच्या काचेवर थंडीने नक्षी धरावी तसे ते दिसत होते. खालचे टोक पांढरे झाले. वरचे टोक पांढरे झाले. परंतु अगदी कडेला, दोन बोटे रुंदीची एक पट्टी करडी राहिली.

“ही सावली आहे,” डॉक्टरबाई स्वतःशीच बोलल्या, “का चरबी वर आलीय, का इथं रक्तच नाही?” त्यांनी आतडे चिमट्याने अलगद फिरवले. करडे ते करडेच. “मला चमक आणि मांस, दोन्ही एकाच वेळी दिसायला हवंय. यात मांस काळं पडतं. मिस्टर क्विस्ट, मला जरासा वेळ हिरवं हवंय.”

“नाही,” मास्कच्या आतून आवाज आला.

“अहो, मग आणखी चार बोटं कापून टाका ना,” लव्हॉनबाई म्हणाल्या.

“उगाच कापत गेले तर टोक खालपर्यंत पोचणार नाही. ताणून जोडलं तर तेही सुटतं. कुठं थांबायचं ते दिसायला हवं.”

“बटण तुमच्या हाताशी आहे, डॉक्टर,” भूलतज्ज्ञ म्हणाले. “दाबा. कोच झोपलेत.”

“मी शब्द दिलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचे हात आतड्यावर स्थिर होते. डोळे मात्र मिटल्यासारखे झाले. “त्यांचं पोट आहे, त्यांनी नाही म्हटलंय. मग पिशवी. लव्हॉन, पिशवीची तयारी करा.”

माझ्या डोळ्यांपुढे बाहेरच्या बाकावर बसलेली ताई आली. तिच्या मांडीवर घरून आधीच शिजवून आणलेल्या गाजरांचा डबा होता. मी क्विस्ट यांच्याकडे पाहिले; अशी याचना मी देवाकडेसुद्धा केली नसेल. “साहेब,” मी म्हणालो, “नियमात काहीच नाही का हो?”

रेफरी क्विस्ट निश्चल उभे होते. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि मास्कच्या आतून सर्दी झालेल्या बदकाचा आवाज आला. भूलतज्ज्ञ दचकून आपल्या यंत्राकडे पाहू लागले.

“केटल फोर्क,” क्विस्ट यांनी जाहीर केले. “खेळ लांबवल्याबद्दल. तीन आठवडे. पेनल्टी, दोन मिनिटं.”

“म्हणजे काय?” लव्हॉनबाईंनी विचारले. त्या फ्लोरिडातून आलेल्या होत्या.

परंतु डॉक्टरबाईंचे डोळे मास्कच्या वर एकदम चमकले. “म्हणजे त्यांचा एक गडी दोन मिनिटं बाहेर बसणार, आपला एक जास्त! दोन मिनिटं सीडर बेंडची! दुसरा डोस भरा, लवकर!”

“थांबा,” क्विस्ट म्हणाले. “पेनल्टी बेंचची आहे, म्हणजे साऱ्या संघाची. खेळाडू बर्फावर नाही, झोपलाय. त्याच्या वतीनं कुणीतरी बसायला पाहिजे.” त्यांनी थिएटरभर नजर फिरवली व बोट माझ्यावर रोखले. “तू त्याचा मेहुणा. बस.”

मी कोपऱ्यातील स्टुलावर बसलो. दिव्यांचे बटण तेथून जेमतेम हाताला येत होते.

“घड्याळ सुई टोचल्यापासून लावणार?” डॉक्टरबाईंनी विचारले. “औषध आतड्यापर्यंत पोचायलाच अर्धा वेळ जाईल! चमक दिसली की लावा.”

“चकती बर्फावर पडल्यापासून घड्याळ चालतं.”

“मग चमक म्हणजेच चकती!”

क्विस्ट यांनी घड्याळ शून्यावर आणले. “मान्य,” ते म्हणाले. “पण हुज्जत पुरे. नाहीतर तुम्हालाही दोन मिनिटं.”

औषध गेले. पडदा आता पूर्ण रंगात होता, गुलाबी, पिवळा, ओला. सर्वजण थांबले. मग खोल कोठून तरी, गोठलेल्या तळ्याच्या पोटातून कोणी कंदील घेऊन चालत यावे तसा, हिरवा उजेड आला. क्विस्ट यांनी घड्याळ दाबले. तो उजेड एका शिरेतून दुसरीत गेला, दुसरीतून आतड्याच्या भिंतीत पाझरला आणि चढत चढत पुढे आला. मी कोचच्या घराण्यातील एकमेव साक्षीदार होतो आणि मी हे प्रांजळपणे लिहितो की ते दृश्य सुंदर होते.

हिरवा रंग टोकापासून दोन बोटे अलीकडे थांबला. त्यापुढील मांस गुलाबी होते, दिसावयास निरोगी होते आणि त्यात रक्ताचा थेंबही नव्हता.

“सावली नव्हती,” डॉक्टरबाई पुटपुटल्या. “मेलंय ते. हेच जोडलं असतं.” त्यांनी हिरव्याच्या आत बोटभर जागा सोडून खूण केली आणि तेथे कापले. कापलेल्या कडेतून रक्त ठिबकले. आनंदाने रक्ताकडे पाहणारी माणसे मी त्याच खोलीत पाहिली आहेत, अन्यत्र नाही.

“वेळ संपली,” क्विस्ट म्हणाले. पडदा त्याच क्षणी काळा-पांढरा झाला. “डेलमार, ऊठ.”

मी उठलो.

शुद्धीवर येताच कोचनी ताईकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले नाही. ते म्हणाले, “क्विस्ट. हिरवं आलं?”

“आलं,” क्विस्ट म्हणाले. “दोन मिनिटं. पेनल्टी. खेळ लांबवल्याबद्दल.”

“मी? खेळ लांबवला? आंधळ्या, बहिऱ्या, लाकडाच्या ओंडक्या! झोपलेल्या माणसाला पेनल्टी? कुठल्या नियमात?”

“बेंचची होती.”

कोचनी उगारलेले बोट खाली घेतले. बेंचची पेनल्टी असते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? “कोण बसलं?” त्यांनी विचारले.

“डेलमार.”

कोचनी मान माझ्याकडे वळवली. “नीट बसलास ना?”

“हलले नाहीत ते,” डॉक्टरबाई दारातून म्हणाल्या. मी दिव्याच्या बटणाकडे हात लांबवला होता, हे त्यांनी सांगितले नाही, मीही सांगितले नाही.

तथापि कसोटी संपली नव्हती. आतडे जोडले म्हणजे ते चालतेच असे नाही. चालू लागल्याची खूण एकच, आणि तिचे नाव सभ्य लेखनात कोठे आढळत नाही. परंतु आमच्या मजल्यावर डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सर्वजण दारातून डोकावून तेच विचारीत असतात. “वारा सरला का?” पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. ताईने तोंडात घास घेतला नाही. जोड सुटला असेल तर ते याच सुमारास कळते, हे मी जाणून होतो आणि तिला बोललो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोच म्हणाले, “ते दोन मिनिटांचं चित्रण दाखवा. पेनल्टी योग्य होती का, मला बघायचंय.”

डॉक्टरबाईंनी पडदा आणवला. क्विस्ट भिंतीशी उभे राहिले; त्यांना खुर्ची दिली तरी ते बसत नाहीत. हिरवा उजेड पुन्हा एकदा चालत आला. कोचनी डोळे मिटले नाहीत. पंचवीस वर्षे टाळलेला रंग त्यांच्याच पोटात फिरत होता आणि ते सामन्याचे चित्रण पाहावे तसे भुवया आवळून पाहत होते.

“इथं थांबा,” ते म्हणाले. “मागं घ्या. हां. कडेपर्यंत आलाच नाही तो.”

“नाही आला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “म्हणून कड मागं घेतली.”

“स्वच्छ दिसतंय.” कोचनी पडद्यावरील कडेकडे बोट केले. “त्या रात्री असा कॅमेरा असता तर.”

“तर तुम्ही पंचवीस वर्षं मटार खाल्ले असते,” ताई म्हणाली.

“डॉक्टरबाई,” कोच म्हणाले, आणि मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकले नव्हते. “खरं सांगा. गेली होती का आत?”

डॉक्टरबाईंनी आपल्या हातांकडे पाहिले. “मला माहीत नाही, कोच. ती मुलगी अंगावर आली ना, तेव्हा मी डोळे मिटले होते.”

“आणि तू?” कोच क्विस्ट यांच्याकडे वळले.

“दिसलं नाही,” क्विस्ट म्हणाले. “दिसत नाही तो गोल नाही. नियम आहे.”

कोचचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. मला वाटले, आता हे ओरडणार. त्यांनी ओरडू नये, टाके आहेत, असे सांगण्यासाठी मी पुढे झालोही. परंतु कोच ओरडले नाहीत. पांघरुणाखालून एक दीर्घ, खणखणीत, निःसंशय आवाज आला, उकळलेल्या शिट्टीपेक्षा कितीतरी सरस.

क्विस्ट यांचा हात आपोआप वर गेला आणि गोल मान्य करताना जाळ्याकडे दाखवावे तसे त्यांनी पलंगाकडे बोट दाखवले.

“दिसला नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, त्यांचे डोळे ओले होते.

“ऐकला,” क्विस्ट म्हणाले.

ताई डबा छातीशी धरून मोठमोठ्याने रडू लागली. लव्हॉनबाई काय झाले म्हणून धावत आल्या आणि वासावरूनच समजून परत गेल्या.

कोच आता घरी आहेत. अंगणातील खडी नारिंगीच आहे, आणि हिरव्या दिव्यापाशी अजून हॉर्नची वाट पाहिली जाते. परंतु डॉक्टरबाईंनी हिरवी भाजी खाण्याची ताकीद दिल्यामुळे प्रतिज्ञेत सुधारणा करणे भाग पडले. रोज रात्री ताई वाटीभर मटार पुढे ठेवते आणि कोच खेळ लांबवल्याची शिक्षा भोगतात, दोन मिनिटे. रविवारी क्विस्ट घड्याळ घेऊन येतात. केटल फोर्कमध्ये ते काही खात नाहीत, भिंतीशी उभे राहतात. वेळ संपली की वाटीत उरलेल्या दाण्यांना कोच हातही लावीत नाहीत.

मागच्या रविवारी वेळ संपण्याआधीच वाटी रिकामी झाली. कोच म्हणाले, “क्विस्ट, तुझं घड्याळ मंद चालतंय.” क्विस्ट यांनी घड्याळ तपासले, कानाला लावले आणि म्हणाले, “नाही.” कोचनी हुज्जत घातली नाही. त्यांनी वाटी पुन्हा भरण्यासाठी ताईकडे सरकवली.